एकच फर्मा

सकाळी दुकानदाराचा फोन वाजला तेव्हाच ताईनं ओळखलं, आजचा दिवस काही धड जायचा नाही. चांगली बातमी असली की हा माणूस दुपारी जेवूनखाऊन निवांत फोन करतो. सकाळी केला की समजावं, कुठंतरी शेकलंय.

"ताई, परत आला हो."

"काय परत आला?"

"जोड. त्या हॉस्पिटलातल्या मोठ्या नर्सबाई नाहीत का, लग्नाआधीपासून आपलेच बूट घालणाऱ्या? आज काउंटरवर आपटला त्यांनी. म्हणाल्या, मालकांना सांगा, पाय कापूनच घ्यायचे असते तर मी आमच्याकडेच घेतले असते, तिथं निदान भूल तरी देतात."

ताईनं "बघते" म्हणून फोन ठेवला. एरवी ती पोट धरून हसली असती. पण परत आलेल्या जोडांचा ढीग तिच्या खुर्चीमागं कपाटाला जाऊन भिडला होता, आणि त्या ढिगाकडं पाठ करून हसणं तिला जमेना. कातडं चांगलं, शिलाई चांगली, तळ तर असा की घालणारा झिजेल, तळ झिजायचा नाही. दोष एकच. जोड अरुंद होता. आणि अरुंद का होता, तर तिकडच्या लोकांचे पाय अरुंद असतात म्हणून! इकडच्या माणसानं तिकडच्या पायाचे बूट घालायचे. पी हळद अन् हो गोरी, तसं घाल बूट अन् हो परदेशी.

कारखाना अप्पांचा, म्हणजे ताईच्या वडिलांचा. नखरेल बूट त्यांनी कधी केलेच नाहीत. दिवसभर पायांवर उभं राहून पोट भरणाऱ्यांचे बूट ते करायचे. नर्स, पहारेकरी, मास्तर, बसचे कंडक्टर, हॉटेलातले वाढपी. बूट ज्याच्यावर चढवून शिवतात तो पायाच्या आकाराचा लाकडी साचा, त्याला कारखान्यात फर्मा म्हणतात. जसा फर्मा तसा बूट, ह्यात ब्रह्मदेवसुद्धा काही करू शकत नाही. अप्पांनी तरुणपणी चौकाचौकांत बसून लोकांचे पाय मापले होते आणि त्यावरून एका सुताराला हाताशी धरून फर्मे कोरून घेतले होते. पुढं ऐसपैस, बोटांना हातपाय पसरायला जागा. धंदा चालला तो त्या फर्म्यांवर. नवीन यंत्रं आली, जुनी गेली, पण फर्म्यांची खोली तशीच राहिली. भिंतभर फळ्या, फळ्यांवर ओळीनं लाकडी पाय, आणि ते पुसूनपासून ठेवणारे फर्मेवाले काका.

आणि एक रीत होती. नवा नमुना तयार झाला की त्याचा पहिला जोड अप्पांनी घालायचा आणि सबंध दिवस कारखान्यात फिरायचं. कटाईपासून गोदामापर्यंत, जिने चढायचे, जिने उतरायचे, बसायचं नाही. ह्याला सगळे 'अप्पांचा फेरा' म्हणत. संध्याकाळी काम सुटायच्या वेळी कचेरीच्या दारात स्टूल टाकलं जाई. अप्पा त्यावर बसून बूट काढत, मोजे काढत, आणि उघडे पाय सगळ्यांसमोर पुढं धरत. कुठं लाल वण दिसला की "नापास!" नमुना परत. वण नसला की "पास!" आणि मग चहा. बास, एवढंच. पण त्या एवढ्याशा गोष्टीनं कारखाना सरळ राहिला होता. मोठमोठ्या कारागिरांचे नमुने अप्पांच्या करंगळीनं नापास केलेले ताईनं पाहिले होते.

मग राजा तिकडे गेला.

राजा म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो इतका लहान होता की आई त्याला धड आठवतही नाही. ताईनंच त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत पोचवलं. बुटांच्या कारखानदाराचा मुलगा, आणि चांगला मोठा होईपर्यंत त्याला लेस बांधता येत नव्हती! शाळेच्या फाटकाशी पाय पुढं करून उभा राहायचा, आणि ताई रस्त्यात गुडघे टेकून बांधायची. वर्गातली पोरं हसायची. ह्याला त्याचं काही नाही. पाय पुढं केला की लेस बांधली जाते, असाच त्याचा समज झालेला.

राजा हुशार होता, ह्यात वाद नाही. त्याचं म्हणणंही अगदीच टाकाऊ नव्हतं. "ताई, इकडं स्वस्तातले रबरी बूट धडाधड येतायत. आपण ह्या चार भिंतींत किती दिवस तग धरणार? बाहेर पाय ठेवलाच पाहिजे." ठेवू या की, ताई म्हणाली होती. तिलाही बाहेर जायचंच होतं. पण जाताना आपलं जे चांगलं ते घेऊन जावं, एवढंच तिचं म्हणणं. राजानं मात्र एक सल्लागार आणला. पातळ आवाजाचा, जाड चष्म्याचा. त्यानं फळ्यावर एक रेघ काढली. आधी खाली घसरणारी, मग वर चढणारी, नुसती लोळत पडलेल्या सापासारखी.

"कंपनी परदेशात शिरली की सुरुवातीला कामगिरी घसरते," तो म्हणाला. "ती शिकण्याची किंमत असते. आपल्यासारख्या बाजारातल्या कंपन्यांना ती जरा जास्तच पडते. मग हळूहळू चढ लागतो."

"आणि नाही लागला तर?" ताईनं विचारलं.

"तर समजायचं, आपण अजून शिकतोय."

ह्या उत्तरावर अप्पांनी मान डोलावली! ताईला वाटलं होतं, ते त्या माणसाला खुर्चीसकट बाहेर काढतील. पण राजा शेजारी बसलेला, नवा कोट घातलेला, डोळ्यांत ही एवढी चमक. अप्पा रेघेकडं बघतच नव्हते, पोराकडं बघत होते.

तिकडे दुकान उघडलं. मग दुसरं उघडलं. आणि राजानं ठरवलं, 'सगळीकडे एकच फर्मा'. म्हणजे माल इकडचा तिकडे, तिकडचा इकडे हलवता येईल, दोनदोन तऱ्हा सांभाळायला नकोत. नवे फर्मे तिकडच्या मापाचे आले. प्लास्टिकचे, निमुळते, दिसायला देखणे. त्यांच्यावरचा पहिला जोड तयार झाला, आणि रीतीप्रमाणं अप्पांचा फेरा ठरला. राजा मुद्दाम त्यासाठी आला होता.

तो दिवस ताईला आजही डोळ्यांसमोर जसाच्या तसा दिसतो. सकाळी अप्पा झपाझप निघाले. दुपारी त्यांचा वेग उतरला. गोदामाच्या जिन्यावर ते कठड्याला धरून थांबले, आणि ताई जवळ आलेली दिसताच उगाचच खिडकीतून बाहेर बघू लागले. संध्याकाळी स्टूल टाकलं. सगळे कामगार गोळा झाले. अप्पांनी बूट काढले आणि हात मोज्यांपाशी जाऊन थबकला.

"मोजे राहू देत," ते म्हणाले. "हवेत गारवा आहे. पास."

गारवा! पंखे गरगरत होते, माणसं घाम पुसत होती. फर्मेवाल्या काकांनी ताईकडं पाहिलं. ताईनं जमिनीकडं पाहिलं. राजानं टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली, आणि चहा आला. ताईनं तेव्हा तोंड उघडायला हवं होतं का? हवं होतं, बाई, हवं होतं. पण चारचौघांत बापाला "मोजे काढा" म्हणायचं कुणी? आणि म्हटलं असतं तर तिला लगेच ऐकावं लागलं असतं, भावाचं चांगलं झालेलं बघवत नाही हिला.

पुढं जे व्हायचं तेच झालं. इकडची गिऱ्हाइकं आधी कुरकुरली, मग चिडली, मग गुपचूप दुसरीकडं गेली. चिडतात तोवर बरं असतं, गुपचूप गेलेलं माणूस परत येत नाही. एक शिलाईची रांग बंद पडली. चांगले हात सोडून गेले. आणि तिकडची दुकानं? तिकडच्या दुकानांची भाडी इकडच्या कमाईतून जात होती. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, ह्याहून वेगळं काय म्हणायचं? तेवढ्यात राजाचा फोन यायचा, की तिसऱ्या दुकानाची जागा बघितलीय. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं.

"अरे राजा, दोन चालत नाहीत, तिसरं कशाला?" ताई कळवळून विचारायची.

"ताई, आपण सध्या रेघेच्या खालच्या भागात आहोत. इथंच थांबलो तर फुकट खाली आलो म्हणायचं."

"मग विहिरीत पडल्यावर अजून खणायचं का, पलीकडून बाहेर निघू म्हणून?"

"तुझं आपलं नेहमीचंच."

तर त्या नर्सबाईंचा जोड परत आला त्याच दिवशी दुपारी दुसरा फोन राजाचा. तो दोनचार दिवसांसाठी येत होता. आणि आल्याआल्या त्याला एक काम उरकायचं होतं.

"ताई, ते जुने लाकडी फर्मे पडलेत ना नुसते? सगळे पेट्यांत भरून ठेव. तिसऱ्या दुकानाच्या सजावटवाल्याला हवेत. भिंतीवर लावायचे म्हणतो. खाली दिवे, वर फर्मे. आमची परंपरा म्हणून."

ताईला आधी नीट कळलंच नाही. "भिंतीवर म्हणजे?"

"टाचेत भोक पाडून स्क्रूनं ठोकायचे. फार छान दिसतं, मी चित्र बघितलं. आणि त्या खोलीत आपण मालाचा साठा करू. अप्पांना विचारलंय मी. हो म्हणाले."

परवाच तिनं मनाशी ठरवलं होतं, की काहीही करून जुन्या फर्म्यांवर एक रांग पुन्हा सुरू करायची. काकांशी बोलणं झालं होतं. सोडून गेलेल्या दोघातिघांना निरोप धाडले होते. इकडची दुकानं वाचवायची तर तेवढी एकच वाट उरली होती. फर्मे गेले की तीही गेली. तसे पाय मापणारा माणूस आता म्हातारा झाला होता, आणि कोरणारा सुतार केव्हाच वर गेला होता. जे लाकूड धंद्याच्या पायाखाली होतं ते आता भिंतीवर टांगायचं म्हणे, आणि खाली दिवे!

ती तडक घरी गेली. दुपारची वेळ. अप्पा मागच्या खोलीत खुर्चीत बसले होते, आणि त्यांचे पाय गरम पाण्याच्या टबात होते. ताईला बघून त्यांनी मांडीवरचा टॉवेल घाईघाईनं टबावर टाकला. चोरी पकडलेल्या पोरासारखा चेहरा झाला.

ताईनं टॉवेल उचलला. दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी. करंगळीवर जुना घट्टा, त्यावर नवा फोड. बाजूला तो जोड ठेवलेला. पास झाल्यापासून अप्पा रोज तोच घालत होते. मालकानंच नाही घातला तर लोक काय म्हणतील!

"हे काय आहे अप्पा?"

"म्हातारपण आहे, दुसरं काय. नखं अशी होतात."

"माझ्याशी तरी खोटं बोलू नका हो! त्या दिवशी मोजे का नाही काढलेत?"

अप्पांनी पाय पाण्यात आणखी खोल दाबले. मग हळूच म्हणाले, "पोर परक्या मुलखात एकटं उभं आहे गं. तिथं त्याला ओळखणारं कुणी नाही. त्याला मी इथून नापास म्हणायचं? बापानं?"

"आणि इथं जे उभे आहेत त्यांचं काय? मी काय करायचं?"

"तू आहेसच की," अप्पा म्हणाले, अगदी सहज. "तुझी काळजी कधी करावीच लागली नाही. तू घेतेस सांभाळून."

झालं! आयुष्यभर ऐकलेलं वाक्य. लहानपणी ऐकलं तेव्हा अंगावर मूठभर मांस चढलं होतं. आज असं वाटलं, की कुणीतरी गळ्यात धोंडा बांधून वर म्हणतंय, बघ किती शोभतो तुला. सांभाळून घेणारीला कुणी सांभाळायचं? जो पडतो त्याला उचलायला दहा हात, आणि जी पडत नाही तिच्या डोक्यावर अजून एक पाटी. तिला रडू आलं आणि रडू आलं म्हणून अधिकच संताप आला.

"फर्मे मी देणार नाही," ती म्हणाली.

"मी हो म्हणून बसलोय, अगं."

"मग तुम्हीच भरा पेट्या," म्हणून ती निघाली. पण पेट्या शेवटी तिनंच भरल्या. म्हणजे काकांनी भरल्या, ती नुसती दारात उभी राहिली. काका एकेक फर्मा फडक्यानं पुसून असा ठेवत होते की बघवेना. अप्पांच्या स्वतःच्या मापाचा आला तेव्हा त्यांनी तो तिच्यापुढं धरला. "हा मागं ठेवू का?" ताईनं मान हलवली. एक ठेवून काय उपयोग? देव्हाऱ्यात ठेवायचाय का?

राजा आला. थोडा वाळलेला, डोळ्यांखाली काळं. तरी कोट तोच, बोलणं तेच. कारखान्याच्या आवारात ट्रक उभा होता, पेट्या चढत होत्या. राजा मोजत नव्हता, बघतही नव्हता. फोनवर सजावटवाल्याशी बोलत होता.

ताईनं त्याचा फोन संपेपर्यंत वाट पाहिली. मग सगळ्यांसमोर म्हणाली, "ट्रक संध्याकाळपर्यंत थांबेल."

"का?"

"तिसऱ्या दुकानासाठी नवा नमुना केलाय ना? त्याचे जोडही ह्याच ट्रकनं जायचेत. मग फेरा झाल्याशिवाय माल बाहेर जात नाही. रीत आहे."

"पण अप्पांना आता ह्या वयात कशाला..."

"अप्पा नाहीत. तू."

राजा हसला. "मी? एवढंच ना? आण."

एक गोष्ट इथं सांगायला हवी. राजाचा पाय अप्पांचाच. हुबेहूब. पुढून पसरट, बोटं ऐसपैस. तिकडे तो स्वतः कुठले बूट घालत होता देव जाणे, पण आपल्या कारखान्यातले नव्हते, हे ताईनं फाटकातून येतानाच पाहिलं होतं.

राजानं नवा जोड चढवला आणि निघाला. सुरुवातीला ऐटीत. कटाईवाल्यांशी गप्पा मारल्या, शिलाईवाल्या बायकांची विचारपूस केली. जेवणाच्या सुट्टीनंतर गप्पा थांबल्या. मग तो यंत्रांना हात टेकत चालू लागला. गोदामाच्या त्याच जिन्यावर, त्याच कठड्याला धरून तो थांबला, आणि ताईला बघून खिडकीबाहेर बघू लागला. तिला क्षणभर वाटलं, जाऊ दे, मरू दे ते फर्मे, बस म्हणावं ह्याला. पण तिनं ओठ आवळले आणि आपल्या खोलीत जाऊन परत आलेल्या जोडांच्या ढिगाकडं तोंड करून बसली.

काम सुटलं. स्टूल टाकलं. सगळे जमले, पूर्वीच्या निम्मेच. अप्पा बाजूला खुर्चीवर, पायांत तोच जोड. राजा आला तो टाचांवर चालत. स्टुलावर बसला, बूट काढले, घाम पुसला आणि म्हणाला, "पास. चांगला आहे. सवय व्हायला लागते थोडी."

कुणी टाळी वाजवली नाही.

"मोजे काढ," ताई म्हणाली.

"काय गरज आहे?"

"मोजे काढ, राजा."

"ताई, उगाच तमाशा नको. पास म्हटलं ना मी."

तेव्हा अप्पा बोलले. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "काढ बाळा. रीत आहे."

राजा वळला. दिवसभराची ठणक, वर्षभराची दमणूक, सगळी एकदम त्याच्या तोंडावर आली. "रीत?" तो म्हणाला. "तुम्ही तरी कुठं काढले होते, अप्पा?"

अरे देवा! म्हणजे ह्याला ठाऊक होतं. त्या दिवशी टाळी वाजवतानाच ठाऊक होतं. ताईला वाटलं होतं, बाप खोटं बोलला आणि पोर फसलं. तसं नव्हतंच. बाप खोटं बोलला, पोरानं ते ओळखून खिशात घातलं, आणि बहिणीनं मान खाली घातली. तिघांनी मिळून एक नापास जोड जगभर विकायला काढला होता. रेघ कुठली चढणार, कपाळ?

अप्पा खाली वाकले. त्यांना वाकवत नव्हतं, तरी वाकले. बूट काढले, एक मोजा काढला, दुसरा काढला, आणि दोन्ही पाय सगळ्यांसमोर पुढं धरले. मागं कुणीतरी बाई "अगं आई गं" म्हणाली. अप्पा म्हणाले, "नापास. तेव्हाही नापासच होता. चूक माझी झाली."

राजा त्या पायांकडं बघत राहिला. मग त्यानं आपले मोजे सोलावे तसे काढले. करंगळीला रक्त होतं, मोज्याला चिकटलेलं.

"तिकडेही नाही चालत, ताई," तो खाली बघूनच म्हणाला. "लोक येतात, हातात घेतात, छान म्हणतात आणि परत ठेवतात. समोरच्या इमारतीतली एक सफाईवाली तेवढी रोज विचारते. दिवसभर उभी असते बिचारी. तिला पुढून रुंद हवाय."

"मग दिला का नाहीस?"

"तसा फर्मा कुठाय माझ्याकडं?"

"भिंतीवर ठोकायला मागवलास की!" ताई ओरडलीच. "अरे गाढवा, जे गिऱ्हाईक तुला सोडून गेलं तेच तिथंही दारात उभं आहे, आणि तू त्याला दिवे लावून दाखवणार होतास!"

ह्यावर कुणाला हसू आलं, कुणाला नाही. काका मात्र कुणाचं काही न ऐकता आवारात गेले आणि ट्रकवाल्याला म्हणाले, उतरव. ट्रकवाला कुरकुरला, पण पेट्या उतरू लागल्या. ताईला वाटलं होतं, हा क्षण आला की आपल्याला बरं वाटेल. कुठलं काय! गेलेली माणसं डोळ्यांपुढं येत होती, बंद पडलेली रांग, गुपचूप निघून गेलेली गिऱ्हाइकं. नर्सबाईंना आता कुठल्या तोंडानं सांगायचं, या म्हणून? एवढं सगळं घडायला हवं होतं का, चार मोजे काढायला?

"ताई," राजा म्हणाला. लोक पांगत होते, तो अजून स्टुलावरच होता, अनवाणी. "जुन्यातला एखादा जोड आहे का गं माझ्या मापाचा? ह्या पायांनी घरी कसा जाऊ?"

होता. तिच्या कपाटात होता. जुन्या फर्म्यांवरचं काम बंद झालं त्या दिवशी शेवटचा म्हणून काढून ठेवलेला, आणि कुणाच्या मापाचा ठेवतोय हे तेव्हा तिनं स्वतःलाही सांगितलं नव्हतं. ती गेली, घेऊन आली. राजानं पाय पुढं केला. ताईनं गुडघे टेकले, बूट त्या सुजलेल्या पायावर अलगद चढवला. पाय आत गेला आणि राजानं डोळे मिटून मोठा श्वास सोडला. तिची बोटं लेसवर गेली, गाठ मारायला वळलीसुद्धा.

आणि तिथंच तिच्या ध्यानात आलं, आपण काय करतोय. वर खुर्चीतून अप्पा बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तेच समाधान परत उमटत होतं, की हिनं घेतलं सांभाळून.

ताईनं लेस सोडली. गुडघे झटकले, उभी राहिली.

"फर्मे परत फळ्यांवर लावायचेत," ती राजाला म्हणाली. "काका एकटे आहेत. ते झालं की उद्या नर्सबाईंकडं तू जायचंस, मी नाही. आणि लेस तुझी तू बांध."